विश्लेषण : पाच सामने, दोन गोल! भारतीय फुटबॉल संघाचे नेमके बिघडले कुठे?

ढाक्यात बांगलादेशकडून झालेल्या पराभवानंतर बचाव फळीवर टीकेची झोड उठली आहे. गटाची गुणतालिका मात्र वेगळेच काही सांगते.

मंगळवारी, १८ नोव्हेंबरला ढाक्याच्या नॅशनल स्टेडियमवर भारतीय फुटबॉल संघाला बांगलादेशकडून ०-१ अशी हार पत्करावी लागली. सामन्याआधी जागतिक क्रमवारीत भारत १३६ व्या, तर बांगलादेश १८३ व्या स्थानी होता. बांगलादेशने भारताला याआधी हरवले होते ते २००३ मध्ये. मंगळवारचा एकमेव गोल करणारा शेख मोरसालिन तेव्हा जन्मलाही नव्हता.

सौदी अरेबियात २०२७ मध्ये होणाऱ्या आशियाई चषकाची दारे भारतासाठी महिनाभरापूर्वीच, गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर बंद झाली होती. त्यामुळे ढाक्याचा सामना कागदावर औपचारिक होता. पण असे औपचारिक सामनेच कधी कधी जास्त बोलके ठरतात. दडपण नाही, गमावण्यासारखे काही नाही, तरीही ११ व्या मिनिटाला पिछाडीवर पडलेल्या भारताला उरलेल्या ७९ मिनिटांत एक गोल करता आला नाही.

गुणतालिका काय सांगते?

पात्रता फेरीच्या ‘क’ गटात भारतासोबत सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश हे संघ आहेत. गटात अव्वल येणारा एकच संघ आशियाई चषकासाठी पात्र ठरतो. प्रत्येकी पाच सामन्यांनंतर सिंगापूरचे ११, हाँगकाँगचे ८, बांगलादेशचे ५ आणि भारताचे २ गुण आहेत. मंगळवारीच हाँगकाँगला २-१ असे हरवून सिंगापूरने आपली जागा निश्चित केली.

आता गोलांचा रकाना पाहा. पाच सामन्यांत भारताने पाच गोल स्वीकारले. हाँगकाँगने सहा स्वीकारले, बांगलादेशने सात. म्हणजे गोल रोखण्यात भारत गटात सिंगापूरखालोखाल दुसरा आहे. तरीही तो तळाला आहे, कारण गोल करण्याच्या रकान्यात सिंगापूर ७, हाँगकाँग ७, बांगलादेश ६ आणि भारत २ अशी स्थिती आहे.

यावर एक साधे गणित करून पाहता येते. पाचही सामन्यांत भारताने प्रत्येकी एक गोल कमी स्वीकारला असता, तर काय झाले असते? हाँगकाँग आणि ढाक्यातील पराभवांच्या बरोबरी झाल्या असत्या, सिंगापूरविरुद्ध एक विजय आणि एक बरोबरी मिळाली असती. शिलाँगमध्ये बांगलादेशशी झालेली ०-० बरोबरी तशीच राहिली असती. भारताचे सात गुण झाले असते आणि सिंगापूरचे आठ. भारत तरीही बाहेरच.

आता उलट बाजू. गोल स्वीकारले तेवढेच, पण प्रत्येक सामन्यात एक गोल जास्त केला असता तर? दोन विजय, तीन बरोबरी, एकूण नऊ गुण. सिंगापूर आठवरच. भारत गटात पहिला!

फुटबॉल अर्थातच असा बेरीज-वजाबाकीने चालत नाही. एक गोल झाला की दोन्ही संघांची खेळण्याची पद्धत बदलते आणि पुढचा सामनाच वेगळा होतो. पण दुखणे कुठे जास्त आहे, एवढे या गणितातून नक्की कळते.

ते दोन गोल झाले कसे?

पहिला गोल ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये झाला. संदेश झिंगनला उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि भारत दहा खेळाडूंनिशी, एका गोलने पिछाडीवर खेळत होता. ९० व्या मिनिटाला सिंगापूरच्या बचावपटूने गोलरक्षकाकडे मागे दिलेला पास चुकला. रहीम अलीने तो हेरला आणि चेंडू जाळ्यात धाडला. सामना १-१ असा सुटला. रहीमची सावधता वाखाणण्याजोगी होतीच, पण गोलची निम्मी तयारी प्रतिस्पर्ध्याने करून दिली होती.

दुसरा गोल १४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात झाला. १४ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने लांबून मारलेला डाव्या पायाचा जबरदस्त फटका थेट जाळ्यात गेला. डोळ्यांचे पारणे फेडणारा गोल. मात्र गोलकक्षाबाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांपैकी साधारण तीन-चारच जाळ्यात जातात, हे जगभरातील लीगमधील नोंदींवरून स्पष्ट झालेले आहे. त्याउलट पेनल्टीचे चारांपैकी तीन किंवा त्याहून थोडे जास्त फटके गोलमध्ये बदलतात. आजचे विश्लेषक प्रत्येक संधीला अशीच किंमत लावतात. संघ चांगला हल्ला करतो म्हणजे जास्त किमतीच्या संधी वारंवार तयार करतो.

थोडक्यात, एक गोल प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर आणि दुसरा वैयक्तिक चमकेवर. मधल्या फळीतून चार-पाच पास जोडत, बचाव भेदत, गोलजवळून केलेला एकही गोल या पाच सामन्यांत नाही.

विजयाच्या दिवशीही हेच चित्र होते, ते तेव्हा कुणाला खुपले नाही इतकेच. मार्चमध्ये मालदीवला ३-० असे हरवले, त्यातील पहिले दोन गोल कॉर्नरवर डोक्याने झाले. तिसरा सुनील छेत्रीचा, तोही डोक्यानेच. ऑगस्टमध्ये खालिद जमील यांनी प्रशिक्षक म्हणून पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला २-१ असे नमवले, तेव्हा गोल केले अन्वर अली आणि संदेश झिंगन यांनी. दोघेही बचावपटू. कॉर्नर, फ्री-किक, लांब थ्रो यांवर गोल करणे ही कला आहेच आणि भारताने ती बरी साधली आहे. पण प्रतिस्पर्ध्याने कॉर्नर दिलाच नाही तर काय, याचे उत्तर संघाकडे दिसत नाही.

मग बचाव फळी निर्दोष का?

तसेही म्हणता येणार नाही. स्वीकारलेले पाच गोल कधी झाले ते पाहण्यासारखे आहे. हाँगकाँगविरुद्ध १० जूनला भरपाई वेळेतील चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर. गोलरक्षक विशाल कैथ चेंडूसाठी पुढे झेपावला आणि त्याच्या हातून फाऊल झाला. सिंगापूरमध्ये पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत, इखसान फांदीकडून. फातोर्ड्यात ४४ व्या आणि ५८ व्या मिनिटाला. ढाक्यात ११ व्या मिनिटाला.

पाचपैकी तीन गोल पूर्वार्ध किंवा सामना संपता संपता झाले आहेत. पाय जड होतात आणि लक्ष घड्याळाकडे जाते, ती ही वेळ. दमलेल्या बचाव फळीला श्वास घ्यायला मिळतो तो आपल्या संघाकडे चेंडू असताना. पुढे चेंडू टिकतच नसेल, प्रत्येक लांब पास प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन दहा सेकंदांत परत येत असेल, तर मागच्या चौघांना ९० मिनिटे सलग धावावे लागते. म्हणूनच आघाडीचे अपयश आणि बचावातील चुका वेगवेगळ्या काढून पाहता येत नाहीत.

ढाक्यातील गोल मात्र निव्वळ बचावाच्या खात्यावर टाकावा लागेल. प्रतिआक्रमणात रकीब हुसेन डाव्या बगलेतून सुसाट निघाला, त्याचा क्रॉस रोखायला कोणी वेळेत पोहोचले नाही आणि मोरसालिनने धाव घेत गुरप्रीत सिंग संधूला चकवले. भारताचे खेळाडू पुढे गेलेले असताना मागे किती जण थांबणार आणि कोण कोणाला धरणार, हे ठरलेलेच नसावे असे वाटण्याजोगा तो क्षण होता. त्यानंतर भारताला बरोबरीची नामी संधी मिळाली. बांगलादेशचा गोलरक्षक जागा सोडून बाहेर आलेला असताना छांगटेचा फटका गोलकडे निघाला होता. तो हमझा चौधरीने डोक्याने परतवला.

फातोर्ड्यातील ती ३० मिनिटे

या साऱ्या मोहिमेचा सार एका सामन्यात पाहायचा तर तो फातोर्ड्याचा. सिंगापूरमध्ये दहा जणांनिशी मिळवलेल्या बरोबरीने आशा जागवली होती. आता घरचे मैदान होते आणि फुटबॉलवर जीव टाकणारा गोवा पाठीशी होता. जिंकले तर पात्रतेची शर्यत खुली राहणार होती. छांगटेने १४ व्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली तेव्हा सगळे मनासारखे चालले होते.

४४ व्या मिनिटाला सॉन्ग उइ-यंगने बरोबरी साधली. ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला.

पाच सामन्यांतील एकूण ४५० मिनिटांत भारत आघाडीवर होता तो केवळ या ३० मिनिटांत. पिछाडीवर मात्र १५६ मिनिटे, म्हणजे अडीच तासांहून जास्त. आघाडी राखण्याची सवय नसलेला संघ आघाडी मिळाली की काय करतो? मागे सरकतो. आघाडीवीरही आपल्या अर्ध्यात येतात आणि चेंडू हिसकावला तरी तो देण्यासाठी पुढे कोणी उरत नाही.

सॉन्ग हा मध्यरक्षक आहे, हेही महत्त्वाचे. आघाडीवीराला पहारा देण्याचे काम मधल्या बचावपटूंचे. पण दुसऱ्या रांगेतून उशिरा धावत येणाऱ्या खेळाडूला धरायचे काम मधल्या फळीचे असते. याच सॉन्गने जूनमध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्धही गोल केला होता, म्हणजे तो कुठून येतो हे गुपित नव्हते. त्यात सिंगापूरमधील लाल कार्डामुळे झिंगन फातोर्ड्यात निलंबित होता. मागून ओरडून सर्वांना जागेवर ठेवणारा सर्वांत अनुभवी आवाज नेमका त्या दिवशी मैदानाबाहेर होता.

आघाडीवीर आहेत कुठे?

खरी गोम इथे आहे. सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. नऊ महिन्यांत, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. परतल्यावर पहिल्याच सामन्यात त्याने ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल केला. हे त्याच्यासाठी भूषणावह आहे आणि भारतीय फुटबॉलसाठी तितकेच लाजिरवाणे. ढाक्याच्या सामन्यासाठी तो संघात नव्हता.

इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ मोसमात सर्वाधिक २३ गोल केले नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दीन अजराईने. भारतीयांत अव्वल होता १४ गोल करणारा छेत्रीच. लीगमध्ये प्रत्येक संघाला एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात. चार जागा असल्या की क्लब त्या कुठे वापरतात? मधला बचावपटू, मध्यरक्षक आणि हमखास मधला आघाडीवीर. कारण सामना जिंकून देणारी जागा तीच. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर अवलंबून असते, त्यामुळे क्लबना दोषही देता येत नाही.

परिणाम असा की गोल करण्याची जाण असलेला भारतीय मुलगा क्लबमध्ये बगलेत खेळायला शिकतो. मुंबई सिटीचा छांगटे, मोहन बागानचा गोवेकर लिस्टन कोलासो, उदांता सिंग, नाओरेम महेश हे सगळे मुळात बगलेतले खेळाडू. वेगवान, मेहनती, क्रॉस देण्यात तरबेज. पण क्रॉस ज्याला द्यायचा तो क्लबमध्ये परदेशी असतो आणि राष्ट्रीय संघात नसतोच. हाँगकाँगमध्ये पूर्वार्धात लिस्टनने डावीकडून दिलेल्या उत्तम चेंडूवर आशिक कुरुनियनने समोर मोकळा गोल असताना फटका बाहेर मारला. तो गोल झाला असता तर कदाचित प्रशिक्षकही बदलले नसते. पण आशिकही बगलेतलाच खेळाडू. ज्या जागेवरून तो चुकला, तिथे वर्षभर सराव करणारा माणूस संघात असायला हवा होता.

हा दुष्काळ आजचा नाही. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तिन्ही सामने एकही गोल न करता हरला. त्या संपूर्ण वर्षात ११ सामन्यांत अवघे चार गोल झाले आणि विजय एकही नाही. त्या चारांत छेत्रीची एक पेनल्टी आणि मुंबईकर बचावपटू राहुल भेकेचा एक हेडर होता. जुलै २०२३ मध्ये ९९ व्या क्रमांकावर असलेला संघ तिथून घसरतच गेला आहे.

प्रशिक्षक बदलून काय साधले?

इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये हटवण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या मानोलो मार्केझ यांनी सुरुवातीला एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळल्या. आठ सामन्यांत एक विजय मिळवून तेही जुलै २०२५ मध्ये गेले. एक ऑगस्टला खालिद जमील आले. चौदा महिन्यांत तिसरे प्रशिक्षक.

जमील यांचे नाव मुंबईकरांना नवे नाही. कूपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीला त्यांनी अनेक वर्षे तुटपुंज्या साधनांत वरच्या श्रेणीत टिकवले आणि पुढे २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीगचे अनपेक्षित विजेतेपद मिळवून दिले. घट्ट बचाव आणि संधी मिळताच थेट, वेगवान हल्ला ही त्यांची ओळख. सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून तिसरे स्थान मिळवले, तेव्हा ही पद्धत फळल्यासारखी वाटली होती.

मात्र या पद्धतीची एक अट आहे. मिळालेल्या दोन-तीन संधींपैकी एक तरी साधावी लागते. आयझॉल किंवा जमशेदपूरमध्ये जमील यांच्याकडे त्यासाठी परदेशी खेळाडू होते. राष्ट्रीय संघात नाहीत. शिवाय इराणविरुद्ध मागे राहून खेळणे समजण्यासारखे आहे. सिंगापूर किंवा बांगलादेशविरुद्ध पुढाकार भारतानेच घ्यायला हवा आणि तो कसा घ्यायचा, हे मार्केझ यांच्या काळातही ठरले नव्हते, आताही ठरलेले दिसत नाही.

खेळायलाच मिळत नसेल तर?

जमील यांच्यावर टीका करताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ मोसमाचा शेवटचा सामना झाला १२ एप्रिलला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातील १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. त्याच्या नूतनीकरणाचे भिजत घोंगडे पडल्याने जुलैमध्ये नवा मोसम थांबवण्यात आला. नव्या व्यावसायिक भागीदारासाठी काढलेल्या निविदेला मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लीग सुरू झालेली नव्हती. गोव्यात ऑक्टोबरअखेर सुरू झालेला सुपर कप तेवढा खेळाडूंच्या वाट्याला आला होता.

म्हणजे ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध उतरलेल्या बहुतेक भारतीय खेळाडूंनी सहा महिन्यांत लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता. गोलसमोर अर्ध्या सेकंदात निर्णय घेण्याची सवय शिबिरातील सरावाने लागत नाही, त्यासाठी सामनेच खेळावे लागतात. पूर्वार्धाच्या शेवटी स्वीकारलेल्या गोलांचा एक धागा इथेही पोहोचतो.

परदेशस्थ खेळाडू हा उपाय आहे का?

मंगळवारी छांगटेचा फटका परतवणारा हमझा चौधरी इंग्लंडमध्ये जन्मला, लेस्टर सिटीकडून वाढला आणि मार्चमध्ये शिलाँगला भारताविरुद्धच बांगलादेशकडून पदार्पणात उतरला. दुहेरी नागरिकत्व चालत असल्याने बांगलादेशला हे सोपे गेले. भारतात ते चालत नाही. भारतीय वंशाच्या खेळाडूला भारताकडून खेळायचे तर आधीचे पारपत्र सोडावे लागते.

बेंगळूरु एफसीच्या रायन विल्यम्सने ते सोडले. पर्थमध्ये जन्मलेल्या रायनची आई मुंबईची आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट पन्नासच्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत तेव्हाच्या बॉम्बे संघाकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय पारपत्र घेतलेला रायन संघासोबत ढाक्याला गेलाही होता. ऑस्ट्रेलियाच्या महासंघाचे ना हरकत प्रमाणपत्र वेळेत न आल्याने त्याला खेळता आले नाही. त्याच्या येण्याने दर्जा वाढेल, यात शंका नाही. पण रायन बव्हंशी खेळतो तो बगलेतच!

भारताचा गटातील शेवटचा सामना मार्च २०२६ मध्ये मायदेशी हाँगकाँगविरुद्ध होता. तो जिंकल्यास भारताचे पाच गुण होणार होते. आशियाई चषकाची पुढची संधी २०३१ ची. तेव्हा छांगटे आणि लिस्टन तिशी ओलांडून गेलेले असतील आणि मधल्या आघाडीवर कोण खेळेल, हे आज महासंघालाही सांगता येणार नाही.